श्वास कोंडून किबा-दाचीत उभे राहणे म्हणजे मनोबल नव्हे

परभणीकडच्या कराटे वर्गांच्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारख्या पवित्र्यात, श्वास कोंडून सलग १० मिनिटे उभे राहावे, गुडघा दुखला तरी उठू नये, कारण वेदना हा मनाचा भ्रम आहे. पाय थरथरले की शरीरातले विष बाहेर पडते, रक्तदाब गोळीविना उतरतो आणि धावण्याची गरज उरत नाही, असे त्यात ठासून लिहिले आहे. तो वाचून माझे थोरले बंधू रक्तदाबाची गोळी सोडण्याची भाषा करू लागले, म्हणून हे उत्तर.

सर्वांत घातक सूचना श्वास कोंडण्याची आहे. स्नायू आवळून स्थिर धरला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्तदाब चढतो. श्वास कोंडल्याने त्यात छातीतल्या दाबाची भर पडते, आणि श्वास सोडून उठताच तो झपकन उतरून भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या रुग्णाला असे करायला सांगणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

अशा स्थिर व्यायामाने रक्तदाब उतरतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. २०२३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ८ आणि खालचा ४ अंकांनी उतरल्याचे दिसले, आणि ही घट इतर व्यायामप्रकारांपेक्षा अधिक होती. परंतु त्यातली नेहमीची पद्धत २ मिनिटांच्या ४ फेऱ्या, मधे विश्रांती आणि आठवड्यातून ३ दिवस अशी आहे. सलग १० मिनिटे श्वास कोंडण्याला किंवा डॉक्टरांना न विचारता गोळी सोडण्याला त्यातून कसलाही आधार मिळत नाही.

वेदना भ्रम असल्याचे सांगणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. मांडीत पसरणारी, उठल्यावर थोड्या वेळात ओसरणारी जळजळ सहन करण्यासारखी असते, आणि मनाचा सराव तिच्यासाठीच आहे: नजर एका जागी ठेवावी, जबडा व खांदे सैल सोडावेत, संथ श्वास मोजावा. गुडघ्यात एकाच ठिकाणी टोचणारी, सूज आणणारी किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवणारी कळ ही सांध्याची तक्रार आहे. तिथे पवित्रा उंच करावा, नाहीतर थांबावे. शाळकरी मुलांना ती कळ दाबायला शिकवणारा गुरू मनोबल वाढवत नाही, मुलांचे गुडघे धोक्यात घालतो.

थरथर विषामुळे होत नाही. थकत चाललेला स्नायू मज्जासंस्थेला एकसारखा आवळून धरता येईनासा होतो, म्हणून ती येते. राहता राहिले धावणे. स्थिर व्यायामाची ताकद मुख्यतः ज्या कोनात सराव केला त्याच्या आसपास वाढते, आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावेच लागते.