‘सीमेवरच्यांना दोन राज्यांचं नेटवर्क’: एका फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: डझनभर मोबाइल कंपन्या होत्या, तीन-चार उरल्या, बाकीच्या तशाही जगल्या नसत्या, टीव्हीवाल्यांचीही विलीनीकरणं झाली, पण ग्राहकाचं बिघडलं काय? नेट इथे जगात सगळ्यांत स्वस्त. पटत नसेल तर नंबर पोर्ट करा. टीव्हीवर हवी तेवढीच चॅनेल घ्या. आणि आपण सीमाभागातले तर अधिकच नशीबवान, कर्नाटकाचंही नेटवर्क आपलं आणि महाराष्ट्राचंही. आमच्या ओळखीच्या चांगल्या शिकलेल्या माणसांनीही हा पुढे ढकललाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नेट स्वस्त आहे, यात वाद नाही. पण ते स्वस्त कशामुळे झालं? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, एअरसेल, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स, बीएसएनएल असे सगळे आखाड्यात होतेच. दर कोसळले ते त्यात आणखी एक तगडा पैलवान उतरला म्हणून. विलीनीकरणं त्यानंतरची. टेलिनॉर २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेली, त्याच वर्षी ऑगस्टअखेर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या (तीच आजची व्हीआय), एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि २०१९ मध्ये टाटांचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे आले. मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. तिन्ही वेळा जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही खाजगी कंपन्यांनी आठवडाभराच्या आत एकमेकींपाठोपाठ दर चढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन शेवटच्या खेपेस २३९ वरून २९९ वर गेला. संगनमत झालं, असं मी म्हणत नाही. तिघेच उरले की संगनमताची गरजही पडत नाही; शेजाऱ्याने पाटी बदलली की आपण बदलायची.

शिवाय ‘जीबीचा दर’ हे मोजमाप सोयीचं आहे. आमच्याकडे कितीतरी घरांत रेंजसाठी दोन सिम ठेवावी लागतात आणि दुसरं नुसतं जिवंत ठेवायचं असतं. २०१८ च्या अखेरीस त्यासाठी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज आलं, तेव्हा लोक चिडले होते. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा अनलिमिटेड कॉलिंगचा साधा प्लॅन १९९ रुपयांवर गेला. ज्याला जीबी नकोच, त्याला जीबी स्वस्त झाल्याचं काय सुख?

आता ‘दोन राज्यांची निवड’. फॉरवर्ड लिहिणारा कुठला आहे कोण जाणे, पण सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावर तो कधी फोनवर बोललेला नसावा. मोबाइल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. त्या नकाशात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येतं; चंदगड, कागल आणि चोर्ला घाट उतरून लागणारा गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमेलगत फोन या बाजूचा टॉवर धरायचा की त्या, हे आपण ठरवत नाही. जुन्या काळी याचा अर्थ एवढाच होता की माणूस आपल्याच रानात उभा असायचा आणि बॅलन्स रोमिंगमध्ये जायचा. नंबर पोर्ट करण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली, पण ती सर्कलच्या आतच. खानापूरची मुलगी कोल्हापूरला नांदायला गेली की जुना नंबर सोडायचा किंवा रोमिंग भरायचं. सर्कल ओलांडून नंबर नेता येऊ लागला तो जुलै २०१५ पासून. त्याच सुमारास बीएसएनएलने रोमिंगमधले इनकमिंग फुकट केले. एअरटेलने देशातलं रोमिंग काढून टाकलं ते २०१७ मध्ये, जिओच्या धाकाने. सीमाभागाला खरा दिलासा मिळाला तो नियम बदलल्याने आणि चढाओढीने.

दोन्ही बाजूंना खरोखर वेगळं काही मिळत होतं, असा एक काळ मात्र होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर युनिनॉर, म्हणजे पुढची टेलिनॉर, कर्नाटकातून गेली पण महाराष्ट्र सर्कलमध्ये टिकली. चंदगडला जी स्वस्त कंपनी मिळत होती, ती पलीकडे बेळगावात नव्हती. आज तो फरकही संपला. कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल हीच चार नावं, आणि देशातले सत्तर टक्क्यांहून जास्त ग्राहक त्यातल्या पहिल्या दोघांकडे.

पोर्टिंगबद्दल फार लिहीत नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यात ज्या वाडीवर एकाच कंपनीची रेंज येते, तिथे १९०० ला मेसेज पाठवून कुठे जायचं?

टीव्हीचा मुद्दा सगळ्यांत चलाखीने मांडलाय. हवी ती चॅनेल सुटी घेण्याचा हक्क २०१९ पासून आहे, बरोबर. पण सुट्या चॅनेलचा दर असा ठेवला जातो की पॅकच स्वस्त वाटावा. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायला परवानगी दिली आणि १९ रुपयांपर्यंतचं चॅनेल पॅकमध्ये बसवायला मोकळीक दिली. नेटवर्क कपॅसिटी फीवर, म्हणजे चॅनेलच्या दरांखेरीज जोडणीसाठी दरमहा भरायच्या पैशांवर, १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती जुलै २०२४ मध्ये उठवली. कर्नाटकासाठी बांधलेल्या पॅकमध्ये कन्नड चॅनेल मुख्य असणार, हे स्वाभाविकच आहे. ज्या घरात कन्नडही बघतात आणि मराठीही, त्यांना दोन्हीकडचं जोडत बसावं लागतं. अशा घरासाठी चॅनेलचे मालक किती आहेत, याला महत्त्व असतं. स्टार प्रवाह स्टार गटाचं आणि कलर्स मराठी रिलायन्सच्या व्हायकॉम१८ गटाचं होतं, तोवर दोघांनाही केबलवाल्याशी जुळवून घ्यावं लागत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र येऊन जिओस्टार झाली. झी आणि सोनी यांचंही जमत आलं होतं; जानेवारी २०२४ मध्ये फिसकटलं. मोठे प्रसारक काय करू शकतात, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसलंच होतं. नव्या दरांवर सही न करणाऱ्या केबलवाल्यांचे सिग्नल त्यांनी काही दिवस बंदच ठेवले.

आयपीएलचं उदाहरण घ्या. २०२३ ते २०२७ या हंगामांचे टीव्हीचे हक्क स्टारने घेतले, मोबाइलवर दाखवायचे व्हायकॉम१८ ने. दोघे समोरासमोर होते, म्हणून २०२३ मध्ये व्हायकॉम१८ च्या जिओसिनेमा ॲपवर सगळे सामने फुकट दिसले; पोरं शेतातूनही बघत होती. विलीनीकरण झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघांचं मिळून जिओहॉटस्टार आलं आणि त्या हंगामापासून थोडा वेळ सामना बघितला की पैसे मागू लागलं. फुकट हवं तर २९९ किंवा वरचं जिओचं रिचार्ज करा, अशी ऑफर आली. म्हणजे क्रिकेट बघायचं तर मोबाइल कंपनी कोणती घ्यायची, हेही सुचवलं गेलं. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी देताना अटी घातल्या होत्या, पण क्रिकेटबाबतच्या अटींचा रोख जाहिरातींच्या दरांवर होता. बघणाऱ्याच्या खिशाची काळजी त्यात दिसत नाही.

एक गोष्ट मजकुरात बरोबर आहे: सगळ्या कंपन्या जगल्याच असत्या, असं नाही. अनेक कर्जात बुडाल्या होत्या आणि एजीआरच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या महसुलाच्या वाट्याबाबतच्या, २०१९ च्या निकालाने उरलेल्यांचंही कंबरडं मोडलं. पण मग पुढचंही सांगावं. व्हीआयला उभं ठेवायला सरकारला २०२५ मध्ये थकबाकीच्या बदल्यात आपला हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर न्यावा लागला. तिसरा खाजगी पर्याय आज शिल्लक आहे तो असा, आपल्याच पैशातून.

आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं बटणाचा फोन वापरतात, त्यांच्यासाठी: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला भाग पाडलं. जिओ आणि एअरटेलचे ८४ दिवसांचे असे प्लॅन साडेचारशेच्या आसपास निघाले. रिचार्जच्या दुकानात ते कुणी आपणहून दाखवेलच असं नाही. नाव घेऊन मागा.