ऑस्ट्रेलियात खायचं झाडच नव्हतं म्हणे!

एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की इंग्रज येईपर्यंत ऑस्ट्रेलियात खाण्याजोगं एकही झाड नव्हतं, मूळ लोक नुसती शिकार करून जगायचे, मॅकाडेमिया हा सुकामेवासुद्धा हवाईतून आला आणि जंगलात सगळी निलगिरी, जिच्यावर पक्षीही बसत नाहीत. चारही गोष्टी चूक आहेत.

मॅकाडेमियाचं सोपंय. झाड मूळ क्वीन्सलंड आणि न्यू साऊथ वेल्सच्या किनारी रेनफॉरेस्टमधलं, १८८० च्या दशकात बिया हवाईला गेल्या, धंदा तिकडे वाढला म्हणून नाव तिकडचं झालं.

'नुसती शिकार' वाचून मला खरंच राग आला. क्वीन्सलंडच्या बुन्या डोंगरात बुन्या पाइनची झाडं आहेत, बियांनी भरलेला एकेक शंकू १० किलोपर्यंत भरतो, साधारण तीन वर्षांनी भरघोस पीक यायचं आणि तेव्हा लांबलांबच्या जमाती तिथे जमायच्या, आतल्या बिया भाजून खायच्या, लग्नं ठरवायच्या, तंटे मिटवायच्या. इंग्रजांनाही हे माहीत होतं, १८४२ मध्ये न्यू साऊथ वेल्सचा इंग्रज गव्हर्नर गिप्स यानं त्या भागात वस्तीला आणि लाकूडतोडीला मनाई केली होती, १८६० मध्ये ती उठवली.

आणि खायची झाडं म्हणाल तर कितीतरी आपल्या झाडांची भावकीच आहे. काकाडू प्लम हिरड्या-बेहड्याच्या कुळातलं, सी व्हिटॅमिन प्रचंड. वाळवंटी क्वांडाँग चंदनाच्या कुळातला, त्याची लाल फळं एमू आख्खी गिळतो, बाठे विष्ठेतून लांब जाऊन पडतात आणि लोक ते तिथून वेचायचेसुद्धा. निळा क्वांडाँग रुद्राक्षाच्या कुळातला, त्याच्या बिया कॅसोवरी हा एमूसारखाच मोठा, न उडणारा पक्षी पसरवतो. म्हणजे माणसाचं खाणं आणि प्राण्यांचं खाणं एकाच झाडावर, आणि प्राणी गेले तर बी पसरणार कोण?

राहिली निलगिरी. आपण इथली लागवडीची, काही वर्षांत तोडली जाणारी निलगिरी बघून बोलतो. तिकडे कोआला तिच्या पानांवर जगतो, वटवाघळं रात्री मध प्यायला येतात आणि परागकण लांब नेतात, पानांवर एक बारीक किडा गोड कवच करतो ते पारडालोट पक्षी टिपतात, माणसंही खायची. जुन्या खोडांना ढोल्या पडायला शंभरेक वर्षं लागतात आणि ऑस्ट्रेलियातले सुमारे ३०० जातींचे पक्षी-प्राणी अशा ढोल्या वापरतात, कोवळ्या लागवडीत त्या मिळणारच नाहीत.