शेजाऱ्याचा दुसरा डोस

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. आपल्याकडे लोक ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत होते. त्याच आठवड्यात भूतानकडून निरोप आला की सामद्रुप जोंखार जिल्ह्यातल्या मोटांगा इथल्या नव्या प्रकल्पातून आसामला रोज ४० टन द्रवरूप ऑक्सिजन देऊ. लोकसंख्या जेमतेम पावणेआठ लाख असलेला देश. आणि तेव्हा त्यांच्याच लोकांचा कोविडच्या लसीचा दुसरा डोस अडकलेला होता, कारण तो आपल्याकडून जायचा होता आणि आपण निर्यात थांबवली होती.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

जानेवारी २०२१ मध्ये आपण जे केलं त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. १६ तारखेला आपली मोहीम सुरू झाली आणि २० तारखेला भूतानला दीड लाख, मालदीवला एक लाख डोस पोचलेही. दुसऱ्या दिवशी बांगलादेशला २० लाख, नेपाळला १० लाख. श्रीमंत देश लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस स्वतःसाठी राखून ठेवत होते, तेव्हा आपण वाटत होतो. भूतानने तर पुरेसा साठा हातात येईपर्यंत धीर धरला, २७ मार्चला सुरुवात केली आणि दोन-अडीच आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना पहिला डोस देऊन टाकला.

मग आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि सगळं थांबलं.

आपली माणसं मरत असताना लस बाहेर पाठवायला हवी होती, असं मी म्हणत नाही. तो निर्णय घेणाऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही नव्या ऑर्डरी थांबवल्या असत्या. पण नवी ऑर्डर वेगळी आणि पहिला डोस घेऊन बसलेल्या माणसाचा दुसरा डोस वेगळा. नेपाळमध्ये पासष्टीपुढची १३-१४ लाख माणसं मार्चमध्ये कोव्हिशिल्डचा पहिला डोस घेऊन थांबली होती. त्यांचा दुसरा डोस ऑगस्टमध्ये आला, तोही जपानने दिलेल्या १६ लाख डोसमधून. भूतानला जुलैमध्ये अमेरिकेने मॉडर्नाचे पाच लाख डोस दिले, डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाचे अडीच लाख. पहिला डोस शेजाऱ्याचा आणि दुसरा डेन्मार्कचा. हे मला फार लागलं.

बांगलादेशची गोष्ट तर आणखी बोलकी. त्यांनी फुकट मागितलं नव्हतं. सीरम इन्स्टिट्यूटशी तीन कोटी डोसचा रीतसर करार होता, दरमहा ५० लाखांचा. त्यातले ७० लाख मिळाले आणि पुरवठा बंद झाला. तरीही मे महिन्यात बांगलादेशने आपल्याला रेमडेसिविरच्या कुप्या पाठवल्या. कंपनीबरोबरचा करार सरकारी निर्बंधापुढे टिकत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणून करार सरकारा-सरकारांतच हवा आणि तो शांततेच्या काळात व्हायला हवा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं की पहिला डोस सीमेपलीकडे गेला की तेवढाच दुसरा डोस बाजूला काढला जाईल, आणि लाट कुठेही आली तरी त्याला हात लागणार नाही.

हे अशक्य नाही. लॅटिन अमेरिकेतले आणि कॅरिबियनमधले देश १९७९ पासून एका सामाईक निधीतून लस घेतात. सगळ्यांची मागणी एकत्र होते, लहान बेटालाही ब्राझीलच्याच भावात लस मिळते आणि पैसे भरायला ६० दिवसांची सवड असते. तिथल्या देशांचे आपसातले संबंध काही गोडीगुलाबीचे नाहीत.

आपल्याकडे १५ मार्च २०२० ला सार्क देशांची ऑनलाइन बैठक झाली, आपत्कालीन निधीची कल्पना पुढे आली. भारताने एक कोटी डॉलर दिले, भूताननेही एक लाख डॉलर दिले. पण निधी कोण सांभाळणार यावरून पाकिस्तानशी वाद झाला, आणि त्या पायावर कायमची व्यवस्था काही उभी राहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रचनेतही आपण आग्नेय आशिया विभागात आणि पाकिस्तान पूर्व भूमध्य विभागात. सीमेला सीमा लागून असलेले देश साथीबद्दल वेगवेगळ्या कार्यालयांशी बोलतात!

भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण कुठे सापडला? मे १९७५ मध्ये, आसामातल्या करीमगंज स्टेशनच्या फलाटावर. सिल्हेटहून आलेली एक गरीब बाई होती ती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या भोला बेटावर तिकडचा शेवटचा रुग्ण सापडला. पलीकडे शोध घेणारी माणसं नसती तर इकडे कितीही लसी टोचल्या असत्या तरी देवी पुन्हा आली असती.

या करारात पाकिस्तानही हवा का, असं मला विचारलं जाईल. हवा. तिथे पोलिओ अजून आहे. दहा वर्षांहून जास्त काळ पोलिओमुक्त राहिलेल्या चीनमध्ये, शिंजियांगला, २०११ साली जो विषाणू पोचला तो पाकिस्तानातलाच होता. आपल्याकडे संबंध अगदी ताणलेले असतानाही अटारीला आणि मुनाबावला सीमा ओलांडून येणाऱ्या पोरांना पोलिओचे थेंब पाजले जात होते. आई-बापाचा पासपोर्ट कुठलाही असो, पोरानं तोंड उघडायचं आणि दोन थेंब घ्यायचे. ते थेंब पाजणाऱ्यांना जे जमलं, ते कोविडच्या लसीबाबत सरकारांना का जमू नये?