फुगे लॉबीत, जोडीदार फॉर्मबाहेर

जून आला, म्हणजे समलिंगींच्या अभिमानाचा 'प्राइड' महिना, की हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात लॉबीभर इंद्रधनुषी फुगे. जुलैत कॅन्टीनमध्ये तेच: "लग्नाचं काय? माझ्या मावसबहिणीसाठी बघतायत." क्लायंट मीटिंगआधी मॅनेजर कानाशी येतो, "तिथे तो विषय नको हं." कुठला विषय? रविवारी मी आणि माझा जोडीदार सिंहगडावर गेलो, एवढंच सांगतो मी! बाकीचे हनिमूनचे फोटो फिरवतात, तो विषय नसतो?

कलम ३७७ चा निकाल लागला २०१८ मध्ये, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. मेडिक्लेमच्या फॉर्मवर मात्र अजून पती/पत्नी, मुलं, आईवडील. बस्स! विचारलं की एचआर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाकडे बोट दाखवतं, समलिंगी लग्नाला मान्यता नाही म्हणे. अरे, टाटा स्टीलने २०१९ मध्येच जोडीदाराला सवलती दिल्या, लग्नाच्या दाखल्याशिवाय! तुम्हाला काय अडलंय?

माझ्या जोडीदाराला डेंगी झाला, प्लेटलेट्स घसरत होत्या. बिल आमच्या खिशातून गेलं. रजा मागितली तर मॅनेजर म्हणतो, "मित्रासाठी रजा? त्याच्या घरचं कुणी नाही का?"

मीच आहे ना त्याच्या घरचा!