ब्लूज मालीतून पार्सल होऊन आला म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, मला एकट्याला चार ग्रुपवर आलाय. सार असं, की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते प्रसिद्ध गाणं-बजावणं, अमेरिकेत जन्मलाच नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचं संगीत गुलामांबरोबर जसंच्या तसं तिकडे गेलं, आणि पुरावा काय तर मालीचा गिटारवाला अली फार्का तूरे ऐका, हुबेहूब अमेरिकेचा ब्लूजवाला जॉन ली हुकर! शेवटी आपल्याकडच्या कुणीतरी शेपूट जोडलंय की हा मुळात आपला राग धानीच.

आधी तूरेचं घेतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. तूरे 1939 चा, नायजर नदीकाठचा, नियाफुंकेत शेती करणारा. लहानपणी जेर्केल हे तिथलं एकतारी वाद्य वाजवायचा, 1956 मध्ये गिनीच्या फोदेबा केइताला गिटार वाजवताना पाहिलं आणि तीच बोटं गिटारवर आणली. साठच्या दशकाच्या शेवटी त्याने हुकरच्या रेकॉर्ड्स ऐकल्या आणि त्याला वाटलं अरे हे तर आमच्याकडचंच! पुढे तो रेडिओ मालीत साउंड इंजिनियर होता. मग त्याच्या 1994 च्या 'टॉकिंग टिंबक्टू' अल्बममध्ये आपण जे ऐकतो ते काय दोनशे वर्षं बरणीत मुरवून ठेवलेलं लोणचं आहे का? ब्लूज ऐकलेल्या माणसाच्या वाजवण्यात ब्लूज सापडला, म्हणून ब्लूज तिथलाच, हा कुठला न्याय? आणि हो, उलटी बाजूही नको, त्याने हुकरची कॉपी मारली म्हणणारेही भेटतात. जेर्केल हातात आली तेव्हा हुकर कोण हे त्याला माहीतच नव्हतं. मुळं-खोड आफ्रिकेत, फांद्या-पानं अमेरिकेत असं तो स्वतः सांगायचा, म्हणजे फॉरवर्ड अगदीच हवेतून आलेला नाही. पण फांदी म्हणजे खोड नव्हे ना राव.

दुसरं, सगळं मालीच का? गुलामांच्या जहाजांतून सेनेगांबियाचे (आजचे सेनेगल-गांबिया) लोक नेले तसे काँगो-अंगोलाचे, गोल्ड कोस्टचेही (आजचा घाना) नेले. बँजो या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या तंतुवाद्याची नातलग वाद्यं बघायची तर सेनेगांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग, मालीचं न्गोनी. पण मिसिसिपीत पोरं भिंतीला एक तार ठोकून वाजवायची ते डिडली बो, त्याचे भाऊबंद संशोधकांना मध्य आफ्रिकेत सापडतात. त्यात 1739 च्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनात 1740 च्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली, म्हणजे काय टिकवायचं काय नाही हेही त्यांच्या हातात नव्हतं. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, मी म्हणतो खुशाल शोधा, फक्त एकाच ओढ्याला नदी म्हणू नका.

आता 'जसंच्या तसं'. इथे फॉरवर्डवाल्याने हुशारी केलीय, कळत की नकळत माहीत नाही. ठरलेला ब्लूज म्हणजे बारा बार (तालाच्या बारा घरांचं चक्र), तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट), एक ओळ दोनदा म्हणून तिसरीने उत्तर. तूरेकडे असं कॉर्डचं चक्र नसतं, एकाच सुरावर ठाण मांडून तो घोळवत राहतो. आणि हुकर? तोही नेमका तसाच, 1948 चं 'बूगी चिलन' ऐका, माणूस एका कॉर्डवरून हलतच नाही! म्हणजे शेकडो ब्लूजवाल्यांतून मालीशी सगळ्यात जास्त जुळणारा एक उचलला आणि म्हणाले बघा किती जुळतंय. त्याच्या जागी ब्लूज गायिका बेसी स्मिथ लावा, मागे पियानो, कॉर्नेट (छोटा तुतारीसारखा बाजा), मग सांगा हुबेहूब काय आहे ते. शिवाय गाण्यात येतं काय? मालकाच्या जमिनीवर अर्ध्या वाट्याने कापूस, रेल्वे, तुरुंग, गाव सोडून पळणं. हे गुलामी संपल्यानंतरचं जगणं आहे, तिथलंच. अमेरिकन संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीला 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर तारांवर चाकू दाबून गिटार वाजवणारा माणूस भेटला तोही गाडी कुठे जाते त्याचंच गात होता.

राहिलं धानीचं शेपूट. भारताचा खरा धागा हवा असेल तर तो आहे की, अमेरिकन गिटारवादक राय कूडरने तूरेसोबत तो 'टॉकिंग टिंबक्टू' केला त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या विश्वमोहन भट्टांसोबत अल्बम केला होता, दोन्हींना ग्रॅमी मिळालं. पण म्हणून ब्लूज धानी होत नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे स्वर जुळतात, मान्य, पण पाच स्वर जुळले म्हणजे राग जुळला असं कुठल्याही गुरुजींना सांगून बघा. आणि ब्लूजचा तो फेमस गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध. पेटीवर शोधा, तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडलाय.