फोडावर तारीख लिहिलेली नसते

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. गुप्तांगावर हर्पिस झालं म्हणजे जोडीदार नुकताच बाहेर भानगड करून आला, ते टॉवेल-संडासातून घरभर पसरतं, फोड वाळले की धोका संपला, मूलबाळ विसरा, आणि २१ दिवस काढा घ्या, रोग मुळासकट जातो. माझ्या औषधाच्या दुकानात मोबाईल पुढे करून लोक हळूच विचारतात, 'काका, हे खरं का?'

गेल्या महिन्यात आलेल्या एका मुलाच्या नखांत गेरू होता. जांघेतले फोड नागीण समजून त्याने लेप दिला होता. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात तशीच, घरात बादली वेगळी, आणि बायको माहेरी निघालेली.

आधी नागिणीचं. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, गुप्तांगावरच्या हर्पिसचा विषाणू वेगळा. दोन्हींच्या नावात हर्पिस आहे म्हणून घोळ होतो. गेरूने दोन्ही बरे होत नाहीत.

आता 'नुकताच बाहेर गेला' हे वाक्य. सगळ्यात जास्त घरं यानेच मोडतात. हा विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. बहुतेकांना तो आपल्या अंगात आहे हेच माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे १३ टक्के लोकांना टाइप २ ची, म्हणजे या विषाणूच्या मुख्यतः गुप्तांगावर उठणाऱ्या प्रकाराची, लागण आहे. टाइप १ तर ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड उठवणारा. मुखमैथुनातून तो खालीही जातो. म्हणून पहिला फोड आज आला, तरी लागण लग्नाआधीची असू शकते, दोघांपैकी कुणाकडूनही आलेली. कुणी निर्दोष असल्याचा हा दाखलाही नाही. फोड बघून तारीख कळत नाही, एवढंच. लागण नवी की जुनी हे कळेल म्हणून करतात ती रक्तातली आयजीएम तपासणीही तारीख सांगत नाही, लोक तिच्यावर उगाच पैसे घालवतात. फोड ताजा असतानाच त्यातल्या पाण्याची पीसीआर तपासणी करावी.

टॉवेल, बादली, संडास यांचा धसका सोडा. हा विषाणू कातडीला कातडी लागून जातो, बाहेर कोरड्यात फार टिकत नाही.

खरा धोका आहे तो 'फोड वाळले की संपलं' या भरवशात. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येतो, आणि बरीचशी लागण अशाच दिवसांत होते. तरी प्रत्येक संबंधात लागण होतेच असंही नाही. एकालाच टाइप २ असलेल्या जोडप्यांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांत विषाणू दाबणारी गोळी न घेणाऱ्यांच्या ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली. ती गोळी, म्हणजे रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर, घेणाऱ्यांच्या १.९ टक्के. कंडोमने धोका आणखी उतरतो, पूर्ण जात नाही. फोड असताना किंवा आधीच्या मुंग्या, जळजळ सुरू झाली की संबंध नकोच.

मूल होतं. फक्त गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला नवी लागण झाली तर बाळाला मोठा धोका असतो. जुनी लागण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ते ३६ व्या आठवड्यापासून गोळी देतात, आणि कळांच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात.

विषाणू मुळासकट काढणारं औषध आज नाही, काढ्यात तर नाहीच. अ‍ॅसायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी फोड लवकर भरतात, विशेषतः पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर. पुढे फोड येण्याचं प्रमाणही बहुतेकांत कमी होत जातं. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या विभागात, हर्पिससाठी औषधांचं लाल किट फुकट मिळतं.

त्या मुलाला नवे फोड येतच होते. म्हटलं, 'गोळी आजच सुरू कर, गेरू कोमट पाण्याने धू, बादली एक कर. आणि बायकोला डॉक्टरांकडे सोबत ने. हे तिला तुझ्या तोंडून नाही, त्यांच्याकडून ऐकू दे.' कुणाशीच बोलवत नसेल तर १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, आणि तिथे बोललेलं बाहेर जात नाही.