डावीकडून पहिली

आमच्या बारकीचा गॅदरिंगमध्ये डान्स होता. दुसरीत आहे ती. कोळी डान्स. आता सोलापूरपासून मुंबई चारशे किलोमीटर, पोरीनं आजवर बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि घरात मासा सोडा अंडं पण येत नाही, पण गॅदरिंग म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात एक कोळी डान्स पाहिजेच, असा काहीतरी जीआर असणार.

महिनाभर घरात वल्हं चालू. जेवताना वल्हं, दप्तर भरताना वल्हं, एकदा तर कुकरच्या शिट्टीवर. ड्रेस भाड्याचा, डिपॉझिट ५०० रुपये, आणि वर दुकानदाराचा दम, "लिपस्टिकचा डाग लागला तर डिपॉझिट विसरा बरं का." म्हणजे पोरगी नाचणार म्हणून आनंद आणि तिनं तोंड पुसू नये म्हणून टेन्शन, दोन्ही एकदम.

चिठ्ठीत लिहिलेलं, कार्यक्रम ठीक ५ वाजता, पाल्यास दुपारी २ वाजता मेकअपसाठी आणून सोडावे. त्यात त्या दिवशी नेमकं नळाला पाणी यायचं. सोलापूरकरांना हे सांगायला नको, उजनी धरण भरलं काय आणि नाही भरलं काय, आपल्याकडं पाणी काही रोज येत नाही, माणसं साखरपुड्याची तारीखसुद्धा नळ बघून काढतात. त्यामुळं मी आणि बायको पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेली असं भरत भरत पोरीची वेणी घातली (म्हणजे बायकोनं घातली, मी मोटर बंद केली), आणि दोन वाजता शाळेत सोडून आलो.

निघताना आईनं चादर काढली. मोराची, जाडजूड, माझ्या लग्नात आलेली. म्हटलं आई, कार्यक्रमाला चाललोय, हुरड्याला नाही. तर म्हणाली, "मैदानात हाय न्हवं? जानेवारी हाय. पाय गारठतेत." मी वाद घातला नाही. बरं झालं नाही घातला.

कारण साडेतीनला मैदानात पोचलो तर निम्म्या खुर्च्या धरलेल्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. पण रुमालानं एक सीट धरली जाते, सोलापुरी चादरीनं आख्खी लाईन. महाराष्ट्रात जीआय टॅग, म्हणजे 'हा माल ह्याच गावचा' असा सरकारी शिक्का, सगळ्यात आधी मिळाला तो आमच्या चादरीला, आणि तो का मिळाला असेल ते मला त्या दिवशी कळलं, इतकी मजबूत, इतकी लांब, आणि उचलून बाजूला ठेवायची कुणाची हिंमत होत नाही अशी दुसरी वस्तू नाही. मोर, फुलं, चौकटी, हत्ती... स्टेजसमोर नुसता चादरींचा सेल लागल्यासारखं दिसत होतं आणि माणूस एक नाही.

आता आमची माहिती पक्की होती. बारकीनं आठ दिवस आधीपासून सांगितलेलं, "पप्पा, मी डावीकडून पहिली." म्हणून डावीकडची दुसरी लाईन, सलग सहा खुर्च्या, मी, बायको, आई, सासू-सासरे आणि मेहुणा. मोर अंथरला. जग जिंकलं.

पाच वाजले. हॅलो चेक, माइक चेक. साडेपाच. हॅलो चेक. सहा वाजता सासऱ्यांची साखर खाली गेल्यासारखी वाटायला लागली म्हणून सासूबाईंनी पिशवीतून शेंगापोळी काढली, तिचा तुकडा मागच्या लाईनीपर्यंत फिरला. पावणेसातला पाहुणे आले. मग दीपप्रज्वलन, म्हणजे वाऱ्यानं विझणाऱ्या पाच वाती आणि काडीपेटी धरून उभे असलेले शिपाईमामा. मग सत्कार. मग भाषण.

पाहुण्यांनी मार्शल लॉपासून सुरुवात केली. ९ ते ११ मे १९३०, इंग्रजांचा अंमल उठला, तीन दिवस शहर लोकांच्या ताब्यात, म्हणून मग मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल. मग १२ जानेवारी १९३१, चार हुतात्मे फासावर. ह्यात थट्टेचं काही नाही, सोलापूरच्या माणसाला हे ऐकताना छाती भरून येते, माझी पण आली, टाळ्या पण वाजवल्या. पण तिथून पाहुणे गिरण्यांवर आले, गिरण्यांवरून संस्कारांवर, संस्कारांवरून मोबाईलवर, आणि विंगेत पहिलीची बारा फुलपाखरं पंख लावून कुडकुडत उभी. त्यातलं एक सरळ स्टेजवर येऊन पाहुण्यांच्या शेजारी उभं राहिलं आणि मोठ्यानं म्हणालं, "बाई, शू." तेव्हा कुठं भाषण आवरलं.

साडेआठला कोळी डान्स. पडदा सरकला, आणि डावीकडून पहिली मुलगी कुणीतरी वेगळीच. सगळ्यांचे गाल लाल, सगळ्यांच्या भुवया एकाच पेन्सिलच्या, पण आपली ओळखू येते की. आई म्हणाली, "आरं, आपली तिकडं हाय! त्या टोकाला!"

डोक्यात उजेड पडायला दोन सेकंद लागले. तिची डावी ती आपली उजवी! आठ दिवस घरात सहा मोठी माणसं येऊन-जाऊन, त्यातला मेहुणा इंजिनिअर, आणि एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

मग आमची जी वरात निघाली. मी पुढं मोबाईल धरून, मागं बायको, मागं चादर काखेत मारलेली आई, सासरे एका हातात पोळी घेऊन, आणि सगळे कमरेत वाकलेले, कारण मागनं "बसा की ओ खाली, बसा की" चालूच. उजव्या बाजूला पोचलो तर तिथं दोन खुर्च्या रिकाम्या आणि त्यावर हत्ती. शेजारी एक दाढीवाले गृहस्थ टॅब धरून.

"इथं कुणी आहे का हो?"

"चादर दिसत न्हाय का?"

काय बोलणार. न्याय तोच होता, साडेतीनपासून आम्ही पण तोच चालवत होतो. त्यांच्या पाठीमागं उभं राहिलो. दाढीवाल्यांनी टॅब असा वर धरलेला की आख्खी बारकी त्याच्यामागं. टॅब तरी कसला, नुसतं पाट. मी डावीकडं झुकलो की ते डावीकडं. शेवटी काय करणार, टॅबच्या स्क्रीनवर बारकी दिसत होती, मी तिचाच व्हिडिओ काढला. तेवढ्यात कडवं संपलं, वल्ही वर गेली, पडदा.

चार मिनिटं. रात्री घरी येऊन बघितलं तर त्यातली पहिली सव्वा मिनिट आईची पाठ, अर्धा मिनिट माझे बूट, आणि उरलेला वेळ टॅबवरची बारकी, त्यावर ट्यूबलाईटचा चट्टा.

"पप्पा, मी दिसले का?" पांघरुणातनं विचारलं तिनं. म्हटलं, "एकदम क्लिअर."

तेवढ्यात आतून आईचा आवाज. "आरं, ही आपली न्हवं! आपला मोर कुठाय?" बघतो तर अंथरुणावर हत्ती.

रात्री पावणेबाराला वर्गाच्या ग्रुपवर हत्तीचा फोटो टाकला. सकाळपर्यंत अकरा चादरींचे फोटो आलेले. मोर सैफुल भागात एकांकडं निघाला. रविवारी हत्ती घडी करून गेलो, बेल वाजवली, तर दारात दाढीवाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हत्तीकडं.

"या की. चहा टाकायला सांगतो."

चहा येईपर्यंत त्यांनी टॅब काढला. पहिल्या पावलापासून शेवटच्या वल्ह्यापर्यंत आमची बारकी, एवढी मोठी, मधे कुणाचं डोकं नाही काही नाही. मला बोलायलाच सुचेना. म्हटलं, भारी काढलाय ओ तुम्ही, आणि ह्यात तुमची कुठली?

कप खाली ठेवत म्हणाले, "आमची न्हाय ओ ह्यात. ती मला उजवीकडून पहिली म्हणून सांगितलेली."